मोजलेल्या गोळ्या

सरकारी नोकरीत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला एक वाईट खोड जडते. समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून होण्यापूर्वीच त्याच्या मनात शेरा तयार असतो. महसूल खात्यात असताना किती खुलाशांवर आम्ही ‘खुलासा समाधानकारक नाही’ असे लिहिले, याची गणती नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन आम्ही कचेरीची पायरी उतरलो, तेव्हा ही खोड तेथेच टेबलावर राहिली, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात ती आमच्या सामानाबरोबर टोकरखाड्याच्या घरी आली आणि इथे तिला पहिला आरोपी मिळाला तो आमच्या सहधर्मचारिणीच्या रूपाने. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

या पत्रिकेच्या बहुतेक वाचकांची घराणी ज्या वाटेने सिल्वासात आली, त्याच वाटेने आमचेही आले. २ ऑगस्ट १९५४ रोजी हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातून सुटला. पुढे १९६१ पर्यंत वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. त्या काळात आमचे वडील मराठी शाळेवर मास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले. आम्ही शिकलो, महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गेलो, जव्हार-डहाणूपासून मराठवाड्यापर्यंत बदल्यांवर फिरलो आणि २०१७ च्या अखेरीस वडिलांच्या घरी परतलो. सौ.ने अंगणात तुळस लावली, भजनी मंडळात नाव घातले. आता कुठे संसार करायला सवड मिळाली, असे ती म्हणे.

२०१८ च्या दिवाळीत तिच्या रांगोळीची रेघ हलली. सौ.ची रांगोळी म्हणजे फूटपट्टी लावून काढल्यासारखी. त्या वर्षी ठिपके जागेवर पडेनात. आम्ही म्हणालो, “वय झाले.” ती काही बोलली नाही. मग हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, पोलके खांद्यावरून उतरू लागले. जेवण मात्र दुप्पट. पौषातल्या थंडीत आम्ही रजई पांघरून कुडकुडत असताना हिला पंखा लागे. रात्री दोन-दोन वाजता उठून ती स्वयंपाकघरातले डबे घासत बसे. याहून अवघड गोष्ट म्हणजे तिचा स्वभाव बदलला. जिने एकतीस वर्षांत कामवाल्या बाईलाही कधी चढ्या आवाजात हाक मारली नव्हती, ती चहात साखर कमी पडली म्हणून रडू लागली आणि वर्तमानपत्राच्या आवाजावरून आमच्या अंगावर ओरडू लागली. आम्हीही ओरडलो. निवृत्त अधिकाऱ्यालाही आवाज असतो. आज मागे वळून पाहताना वाटते, ते तीन महिने आम्ही एका रोगाशी भांडत होतो आणि समजत होतो की बायकोशी भांडतो आहोत.

संक्रांतीच्या सुमारास वजन केले तेव्हा एकसष्ट किलोचे एकोणपन्नास झाले होते. नाडी स्वस्थ बसल्यावरही एकशे चोवीस. रक्त तपासले. टी-थ्री आणि टी-फोर आकाशाला भिडलेले, आणि टीएसएच ०.०१ च्याही खाली. गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉईड, बेसुमार काम करीत होती. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज या वैद्याने १८३५ साली या रोगाचे वर्णन केले, म्हणून त्याला ग्रेव्ह्जचा रोग म्हणतात.

डॉक्टरांनी तो समजावून सांगितला तेव्हा आम्हाला तो चटकन कळला, कारण सगळा मामला कचेरीसारखाच होता. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते. ते मुख्यालय. तेथून टीएसएच नावाचा आदेश सुटतो आणि त्या प्रमाणात अवटू ग्रंथी हार्मोन तयार करते. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकीची प्रतिपिंडे तयार करते आणि ती प्रतिपिंडे टीएसएचची हुबेहूब नक्कल करतात. थोडक्यात, बनावट सही-शिक्क्याचे हुकूम एकामागून एक येऊ लागतात आणि ग्रंथी बिचारी त्यांची इमानेइतबारे तामिली करीत राहते. मुख्यालय घाबरून आपले आदेश पूर्ण थांबवते. म्हणून टीएसएच शून्यावर. पण खाली काम थांबत नाही, कारण हुकूम तर येतच आहेत.

आप्तेष्टांचे सल्ले ओघाने आलेच. कुणी म्हणाले, मीठ बदला. कुणी समुद्री शेवाळाच्या गोळ्या सुचविल्या. आयोडीनच्या अभावी होणारा गलगंड आणि हा रोग यांची लोकांच्या मनात गल्लत असते. शेवाळात आयोडीन भरपूर असते. हिच्या ग्रंथीला ते देणे म्हणजे पेटलेल्या चुलीत आणखी लाकूड सारणे. त्या गोळ्यांची बाटली आम्ही उघडली नाही, एवढे शहाणपण आमच्याकडून झाले.

उपचार ठरलेला होता. कार्बिमॅझोलच्या दहा मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आणि हृदयाचा वेग आवरण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेकांना उतार पडतो, असे सांगण्यात आले. ताप येऊन घसा दुखला तर एक दिवसही न थांबता रक्तातील पांढऱ्या पेशी तपासायच्या, कारण क्वचित कुणाला हे औषध त्या पेशींनाच मारक ठरते, ही ताकीदही मिळाली. या औषधावर असलेल्या प्रत्येकाने ती पाठ करून ठेवावी. आम्हाला जुलैच्या मुसळधार पावसात एकदा रात्री अकराला त्यासाठी धावावे लागले. पेशी ठीक निघाल्या.

आठ आठवडे गेले, बारा गेले. आकडे तसूभरही खाली आले नाहीत. तीनच्या सहा गोळ्या झाल्या. तरी नाही. गळ्यावरची सूज वाढली, डोळे मोठे आणि टक लावल्यासारखे दिसू लागले. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी चष्मा काढून विचारले, “बाई, गोळ्या नियमित घेता ना?” सौ. म्हणाली, “घेते.” मे महिन्यात दुसऱ्या शहरातील दुसऱ्या तज्ज्ञांनी तोच प्रश्न विचारला, पण तो तिला नव्हे, आम्हाला. “घरात तुमचे लक्ष असते ना?”

प्रश्न गैर नव्हता. गोळीने गुण न येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण रोग्याने गोळी न घेणे हेच असते, हे आम्हाला पुढे कळले. गैर होते ते आमचे पुढचे वागणे. गाडीत आम्ही काही बोललो नाही, पण मनात शेरा उमटला होता. हिला गोळ्यांचा कंटाळा पहिल्यापासून. बाळंतपणातल्या लोहाच्या गोळ्या हिने कुंडीत पुरल्या होत्या, हे आम्हाला ठाऊक होते. जुना गुन्हा नोंदीवर असला की चौकशी अधिकाऱ्याचे काम अर्धे होते.

त्या रात्रीपासून आम्ही गोळ्या मोजू लागलो. सौ.चा डोळा लागला की स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावायचा, फडताळातील डबी उघडायची, गोळ्या ताटलीत ओतून दोन-दोनच्या जोड्यांनी मोजायच्या आणि छोट्या रोजनिशीत आकडा टिपायचा. सहा कमी झाल्या की ठीक. पहिला आठवडा हिशेब बरोबर निघाला. आमचे समाधान झाले नाही. गोळी डबीतून निघाली याचा अर्थ पोटात गेली असा होत नाही, असा मुद्दा आम्ही स्वतःशीच उपस्थित केला. मग सकाळी कुंडीतली माती उकरून पाहिली. मोरीची जाळी पाहिली. हे लिहिताना आज लाज वाटते, पण लिहायचे तर पुरते लिहावे.

बरेच दिवस हा उद्योग चालला. ऑगस्टमधल्या एका रात्री, पाऊस कोसळत असताना, आम्ही डबी उघडली तर आत दुमडलेली चिठ्ठी. सौ.चे अक्षर, पण कंप सुटलेले, रांगोळीच्या त्या रेघेसारखे. “आज ६ घेतल्या. उरल्या ३८. मोजून ठेवल्या आहेत. रात्री दिवा लावून डोळे बिघडवू नका.”

आम्ही तरीही मोजल्या. अडतीसच होत्या.

दिवा मालवून आम्ही बराच वेळ ओट्यापाशी उभे राहिलो. आत पंख्याचा आवाज येत होता. ती जागी होती हे आम्हाला कळत होते, आणि आम्ही उभे आहोत हे तिलाही. सकाळी चहाच्या वेळी आम्ही म्हणालो, “अगं, ती चिठ्ठी...” ती म्हणाली, “चहा घ्या आधी, निवतोय.” बस्स. त्या विषयावर उभयतांमध्ये यापेक्षा अधिक बोलणे कधी झाले नाही. रोजनिशी आम्ही बंद केली आणि त्याच दिवशी मुंबईच्या तज्ज्ञांची वेळ घेतली.

वापीहून सकाळच्या फ्लाइंग राणीने जायचे. २०२३ साली काढले गेलेले तिचे दुमजली डबे तेव्हा होते. सौ.ला वरच्या मजल्याची खिडकी हवी असे, वाऱ्यासाठी. मुंबईच्या एका रुग्णालयात नव्या डॉक्टरांनी औषध बदलून प्रोपिलथायोयुरॅसिल दिले आणि दहा दिवस दाखल करून घेतले. गोळी परिचारिकेने समोर उभे राहून द्यायची, पाणी पाजायचे, नंतर तोंड तपासायचे. सौ. लहान मुलीसारखी जीभ वर करून दाखवी. आम्ही त्या वेळी खिडकीबाहेर पाहत असू. अकराव्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. आकडे जिथल्या तिथे. डॉक्टर तिच्याकडे वळून म्हणाले, “तुमचे काही चुकत नव्हते. तुमच्या ग्रंथीला हे औषध लागू पडत नाही.” इतक्या महिन्यांत कुणी तिला असे म्हणण्याची ती पहिली वेळ. ती रडली. या वेळचे रडणे रोगाचे नव्हते.

असे क्वचित घडते. कुणाच्या आतड्यात औषध नीट शोषले जात नाही, कुणाच्या शरीरात ते फार लवकर निकामी होते, कुणाच्या ग्रंथीत ते पुरेसे पोचत नाही. शिवाय ही गोळी नवे हार्मोन तयार होणे थांबवते. आधी साठलेल्या मालाला ती हात लावीत नाही. ग्रंथी मोठी असेल तर कोठारही मोठे. आणि असे बेलगाम चालू दिले तर एखाद्या तापाचे किंवा शस्त्रक्रियेचे निमित्त होऊन ‘थायरॉईडचे वादळ’ उठू शकते. प्रचंड ताप, भ्रम, हृदय बंद पडण्याची भीती. त्यातून माणूस दगावतो.

पर्याय दोन होते. एक किरणोत्सारी आयोडीन. १९४१ साली बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी ते प्रथम दिले. आपल्याकडे परळच्या जेरबाई वाडिया मार्गावर अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हे काम करीत आले आहे. पण डोळे आधीच बाहेर आलेले असले तर या उपचाराने ते आणखी बिघडण्याचा संभव असतो, ग्रंथी फार मोठी होती आणि रोग मुळीच काबूत नव्हता. म्हणून तज्ज्ञांनी दुसरा पर्याय निवडला, शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढणे. मात्र आकडे खाली आणल्याशिवाय भूल देणेही धोक्याचे, आणि आकडे तर गोळीने खाली येत नव्हते. या पेचातून त्यांनी काढलेली वाट आम्हाला फार शिकवून गेली. एक मोठा हुकूम चालत नाही असे दिसल्यावर त्यांनी चार लहान दारे अडवली.

हार्मोनचा काही भाग पित्तावाटे आतड्यात उतरतो आणि तिथून पुन्हा रक्तात शिरतो. ते परतीचे दार बंद करण्यासाठी कॉलेस्टिरामीनची भुकटी. ती पाण्यात ढवळली तरी वाळूसारखी लागे, आणि इतर औषधांपासून काही तास दूर ठेवावी लागे. शरीरात टी-फोरचे रूपांतर अधिक जहाल टी-थ्रीमध्ये होते, ते कमी करण्यासाठी स्टेरॉईड. कोठारातून माल सुटू नये म्हणून लिथियम, ज्याचे रक्तातले प्रमाण वारंवार तपासावे लागते, कारण औषध आणि विष यांतले अंतर तिथे थोडे आहे. लिथियम घेताना औषधविक्रेत्याने हळू आवाजात विचारले, “घरात कुणाला मानसिक त्रास आहे का?” पूर्वी आम्ही ओशाळलो असतो. आम्ही म्हणालो, “नाही. आणि असता तरी सांगितले असते.” प्रोप्रॅनोलॉल होतेच. नोव्हेंबरपासून आकडे उतरू लागले, इंचाइंचाने.

शेवटी लुगॉलचे द्रावण. फ्रान्सच्या लुगॉल नावाच्या वैद्याने १८२९ साली आयोडीनचे हे पाणी तयार केले ते क्षयासाठी. १९२३ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या प्लमर यांनी ते या रोगातील शस्त्रक्रियेआधी देऊन पाहिले. गंमत पाहा, ज्या आयोडीनला आम्ही वर्षभर भीत होतो, तेच मोठ्या मात्रेत दिले की ग्रंथी काही दिवस स्तब्ध होते. तिजोरीत एकाएकी इतका महसूल यावा की खजिनदाराने गोंधळून खिडकीच बंद करावी, तसे. पण हे थोडे दिवसच टिकते. तेवढ्यात काम उरकायचे. दुधात काही थेंब, दिवसातून तीनदा. सौ. म्हणे, गंजलेला खिळा चोखल्यासारखे लागते.

२६ जानेवारी २०२० रोजी आपला प्रदेश दमण-दीवशी जोडला गेला. एरवी असल्या प्रशासकीय घटनेवर आम्ही आठवडाभर बोललो असतो. ती बातमी आम्ही रुग्णालयाच्या प्रतीक्षालयात कुणाच्या तरी मांडीवरच्या वर्तमानपत्रात वाचली आणि विसरून गेलो.

सौ.ला भीती मरणाची नव्हती, आवाजाची होती. स्वरयंत्राची नस या ग्रंथीच्या पाठीमागूनच जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो. धीर द्यावा म्हणून आम्ही तिला वाचलेली एक गोष्ट सांगितली. लेनिनची पत्नी क्रूपस्काया हिला हाच रोग होता. १९१३ साली लेनिन तिला घेऊन स्वित्झर्लंडमधील बर्नला गेला आणि कोखर या शल्यविशारदाने तिची शस्त्रक्रिया केली. याच ग्रंथीवरील कामासाठी कोखर यांना १९०९ चे नोबेल मिळाले होते. “मग जगली का ती?” सौ.ने विचारले. “सव्वीस वर्षे,” आम्ही म्हणालो. “आणि आवाज?” “मोठमोठ्या सभांतून भाषणे करीत असे.” सौ. थोडा वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मग आरती म्हणता येईल.”

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. साडेचार तास. ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या, कारण शेजारच्या चिमुकल्या परावटू ग्रंथी दुखावल्या जाऊन कॅल्शियम उतरते. त्यावर इलाज झाला. आवाज घोगरा होता. घरी आलो आणि दीड महिन्यात टाळेबंदी लागली. गाड्या बंद, प्रदेशाच्या सीमा बंद. ग्रंथी काढल्यावर जन्मभर घ्यावी लागणारी थायरॉक्सिनची गोळी इथेच मिळत होती. मात्रेचा सल्ला दूरध्वनीवर. ज्या रोगात हार्मोन आवरत नव्हते, त्याची अखेर हार्मोनची गोळी घेण्यात झाली. पण या गोळीचा हुकूम खरा आहे आणि शरीर तो ऐकते. त्या वर्षी गणपतीला बाहेरून कुणी येणार नव्हते. घरातल्या घरात आरती झाली. सौ.ने सुरुवात केली, दुसऱ्या कडव्यावर आवाज फाटला, ती थांबली आणि पुन्हा खालच्या पट्टीत धरली. वरची पट्टी परत आलेली नाही. भजनी मंडळात ती आता मागच्या ओळीत बसते.

अलीकडे आम्हाला नोकरीतला एक अव्वल कारकून वारंवार आठवतो. हात कापायचे, घाम यायचा, फायली रेंगाळायच्या, आजारपणाच्या रजा पुष्कळ. त्याच्या प्रत्येक अर्जासोबत वैद्यकीय दाखला असे आणि प्रत्येक दाखल्यावर आमचा शेरा असे. त्याला कोणता आजार होता, हे आम्ही एकदाही विचारले नाही. शेरा लिहिण्यापूर्वी खुर्ची पुढे करून एवढे विचारले असते, तर शासनाचे काहीही बुडाले नसते.

ती चिठ्ठी आम्ही आमच्या सेवापुस्तकाच्या प्रतीत ठेवली आहे, शेवटच्या पानाशी. थायरॉक्सिनची गोळी पहाटे रिकाम्या पोटी घ्यायची असते आणि पुढे निदान अर्धा तास काही खायचे-प्यायचे नसते. म्हणून आमच्या घरी हल्ली चहा उशिरा होतो. आम्हीही तोवर घेत नाही. गोळी घेतलीस का, असे विचारीत नाही. आधण ठेवताना सौ.च सांगते, “घेतली हो,” आणि आम्ही मान डोलावतो.